ग्रंथपालाचा शुक्रवार

ग्रंथपाल म्हणजे कोण, असा प्रश्न आम्ही एकदा आठवीच्या वर्गात विचारला होता. "पुस्तके देणारे आणि 'गप्प बसा' म्हणणारे गृहस्थ," असे उत्तर मिळाले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु तुमच्या वयाचे असताना आम्हांसही याहून अधिक काही सांगता आले नसते. आम्ही मूळचे गोव्याचे, घरची भाषा कोकणी. पणजीच्या ज्या सार्वजनिक ग्रंथालयाचा आरंभ पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली झाला, तेथे आम्ही बाळपणी वडिलांचे बोट धरून जात असू. तेथील प्रवेशद्वारापाशी लावलेल्या निळ्या चित्रमय फरशा आम्हांस आजही आठवतात. पुस्तक हाती देणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र काही केल्या आठवत नाही.

नोकरीच्या निमित्ताने आदिलाबाद जिल्ह्यात आल्यावर पैनगंगेच्या बाजूच्या एका शाखा ग्रंथालयातील ग्रंथपालांशी आमचा स्नेह जडला. त्यांची मातृभाषा तेलुगू. मराठी ते बाजारात आणि शेजारीपाजारी शिकले, आणि आता ती आमच्याहून सफाईने बोलतात. रविवारी आम्हांस सुट्टी असते तेव्हा त्यांच्याकडे सर्वांत अधिक गर्दी असते, आणि त्यांची साप्ताहिक सुट्टी पडते शुक्रवारी, जेव्हा आम्ही फळ्यासमोर उभे असतो. त्यामुळे त्यांची सुट्टी कशी जाते हे कळावयास आम्हांस दोन वर्षे लागली.

प्रथम त्यांच्या कामाविषयी. सकाळी दार उघडले की वर्तमानपत्रे येतात. तेलुगू व उर्दू पत्रे आधी, मराठी पत्र नदीपलीकडून येणाऱ्या गाडीवर अवलंबून. ती वेळेवर न आल्यास चार वृद्ध वाचक ग्रंथपालांकडे अशा नजरेने पाहतात, की जणू गाडी तेच हाकीत होते. त्यानंतर येतात ते नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारे तरुण. त्यांना ग्रंथालयाचे पुस्तक क्वचितच लागते. त्यांना लागते टेबल, पंखा आणि शांतता. घरी एकाच खोलीत सहा माणसे असल्यावर अभ्यास कोठे करावा? "गप्प बसा" हे शब्द कोणासाठी उच्चारले जातात, हे आम्हांस त्या टेबलाकडे पाहून उमगले.

नवे पुस्तक आले की ते एकदम फळीवर जात नाही. आधी दाखल-नोंदवहीत त्याचा क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत यांची नोंद, मग शिक्का, मग आत तारखेची चिठ्ठी, आणि शेवटी पाठीवर वर्गांक. हा वर्गांक मोठा मौजेचा प्रकार आहे. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत सर्व ज्ञानाचे दहा भाग पाडले आहेत, प्रत्येकाचे पुन्हा दहा, आणि त्यांचेही दहा. त्या पद्धतीत मराठी वाङ्मयाचा अंक ८९१.४६ आणि तेलुगूचा ८९४.८२७ असा येतो. ज्यांना गणितात दशांश अपूर्णांक निरुपयोगी वाटतात त्यांनी ध्यानात घ्यावे, की ८९१.४६९ हे पुस्तक ८९१.४६ च्या नंतर आणि ८९१.४७ च्या आधी येते, हे न कळणाऱ्यास फळीवरचे पुस्तक सापडणार नाही. आणि हा ८९१.४६९ कोणाचा? तो आमच्या कोकणीचा! मराठीच्या पाठीस एक नऊ चिकटवून ड्यूईपंथीयांनी आमची सोय लावलेली पाहून आम्ही प्रथम किंचित खट्टू झालो. १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात दाखल झाली, पण तो नऊ काही सुटला नाही. असो. शेजार तरी ओळखीचा आहे.

आपल्या देशात या विद्येस खरे वळण लावले ते शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते; १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि पुढे जन्मभर तेच काम केले. पुस्तक हे जपून ठेवण्याची वस्तू नसून वापरण्याची वस्तू आहे, आणि वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, हा विचार त्यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यापूर्वीच बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली पाचारण करून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या धाडण्याची व्यवस्था उभारली होती. आमच्या या भागात निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूतून होते. अशा काळी लोकांनी आपापल्या भाषेची वाचनालये स्वतः काढली. हैदराबादेतील श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१ सालचे आहे. आज जिल्ह्याची ग्रंथालय संस्था जो खर्च करते त्याचा मोठा आधार म्हणजे घरपट्टीच्या दर रुपयामागे घेतला जाणारा आठ पैशांचा ग्रंथालय-कर. तेव्हा ज्या घरात कोणी कधी पुस्तक उघडले नाही, त्या घराचेही आठ पैसे त्या फळीवर उभे आहेत.

आता आमच्या एका अपराधाची कथा सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही ग्रंथालयातील एका मराठी प्रवासवर्णनाची एकुलती एक प्रत घेऊन गोव्यास गेलो, ती तेथेच विसरून आलो, आणि थेट दिवाळीत परत आणली. दंडाचे पैसे आम्ही मोठ्या रुबाबात पुढे केले. ग्रंथपालांनी ते घेऊन पावती दिली आणि मग मागणीवही उघडून आमच्यासमोर ठेवली. त्यात एका मुलीचे नाव तीनदा लिहिलेले होते, जूनमध्ये, जुलैत आणि सप्टेंबरात. समोर आमच्या त्याच पुस्तकाचे नाव.

"आता तिला कळवू या," आम्ही म्हणालो.

"ती नांदेडला गेली, सर, शिकायला," ते म्हणाले. "आणि या वर्षी हे पुस्तक एकदाही कोणी नेले नाही, असेच माझी वही सांगते."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हांस त्यांनी नंतर समजावून सांगितला. वर्षअखेरीस कोणत्या भाषेची किती पुस्तके बाहेर गेली याची बेरीज होते. नवी खरेदी सुचविताना ते ती बेरीज आणि मागणीवही पुढे ठेवतात. तेलुगूच्या फळ्या भरावयास वाचक पुष्कळ आहेत. मराठीच्या दोन फळ्या मात्र मूठभर घरांवर उभ्या आहेत. त्या घरांतील कोणी पुस्तक नेले नाही, किंवा आमच्यासारख्याने नेऊन दडपून ठेवले, तर कागदावर दिसते ते एवढेच, की येथे मराठी कोणी वाचीत नाही.

आणि येथील मराठी ही काही पाहुणी भाषा नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा याच आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा नांदेडकडे गेले, आणि त्यांतील राजुरा पुढे चांद्याकडे गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमारेषा अशी आखली गेली, पण माणसे होती तेथेच राहिली. एका घरची लेक पैनगंगेपलीकडे, सून अलीकडे, असा येथील संसार आहे.

आता शुक्रवार. आम्ही शाळेस सुट्टी असलेल्या एका शुक्रवारी त्यांच्या घरी गेलो, तो ओसरीवर दाभण, दोरा, पुठ्ठे आणि खळीचे पातेले मांडून ते बसले होते. फाटलेली पुस्तके ते घरी आणून स्वतः बांधतात. हे त्यांच्या नोकरीचे काम नव्हे. हा त्यांचा छंद आहे. खळीत चिमूटभर मोरचूद का घालावयाचा (किडे लागू नयेत म्हणून, आणि तो विषारी असल्यामुळे पातेले वेगळे ठेवावयाचे), जुजबंदी शिवणीने बांधलेले पुस्तक सपाट कसे उघडते आणि नुसते डिंकाने चिकटविलेले पहिल्या पावसातच पाने कशी सोडते, हे त्यांनी आम्हांस प्रत्यक्ष दाखविले. आमच्या हातचे एक पुस्तक तेथे उलटे शिवले गेले. ते त्यांनी निमूटपणे उसवले.

दुपारी ते पिशवीत दहाबारा पुस्तके घालून सायकलने जवळच्या एखाद्या पाड्यावर जातात. बडोद्याच्या पेट्या आम्हांस आठवल्या त्या येथे. तेथून येताना पिशवीत पुस्तकांखेरीज आणखी काही असते. या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली नांदतात. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले शब्द, केसलापूरच्या नागोबा जत्रेच्या आठवणी, जुन्या लग्नपत्रिका, गावच्या उत्सवांची पत्रके, असे सारे ते जमवितात आणि तारीख घालून पेटीत ठेवतात. "हे कोण वाचणार?" असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी गुंजाळ्याचे नाव घेतले. नारनूर मंडलातील या गावी गोंडी लिपीतील हस्तलिखिते लोकांनी घरांत सांभाळून ठेवली होती. अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले ते या शतकाच्या आरंभी. आणि २०१८ साली ती लिपी गुंजाळा गोंडी या नावाने संगणकाच्या जागतिक लिपिसंचात दाखल झाली. ती बाडे कोणी चुलीत घातली असती, तर एक लिपीच गेली असती.

फावल्या वेळातील उद्योगांची थोरवी दाखविणारी उदाहरणे याहून मोठीही आहेत. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एरॅटोस्थेनीस याने सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी सावल्यांच्या मापावरून पृथ्वीचा परीघ काढला. सेतुमाधवराव पगडी हे ग्रंथपाल नव्हेत, हैदराबाद संस्थानचे अधिकारी. तथापि सरकारी काम सांभाळून त्यांनी येथील गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणे लिहिली. आणि शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची जी प्रचंड सूची केली, ती चाळताना एका माणसाने एवढे कसे केले असेल, असा प्रश्न आम्हांस पडतो. आमचे स्नेही यांपैकी कोणाशीही आपली तुलना करू देणार नाहीत. "मी फक्त तारीख घालतो," असे ते म्हणतात.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती गेल्या उन्हाळ्यात माहेरी आली होती. ते पुस्तक तिने नेले, आठ दिवसांत वाचून परत केले, आणि मागणीवहीत दुसऱ्या दोन पुस्तकांची नावे लिहून ठेवली. त्यांपैकी एक आता आले आहे. त्याच्या तारखेच्या चिठ्ठीवर अजून एकही शिक्का नाही.

आमच्या शाळेचे जुने वार्षिक अंकही ग्रंथपालांनी त्याच पेटीत बांधून ठेविले आहेत. मधली काही वर्षे नाहीत. कोणाच्या घरी माळ्यावर असतील, तर त्यांना हवे आहेत. वाळवी लागलेले असले तरी चालतील. या अंकाच्या दोन प्रती त्यांनी आताच सांगून ठेवल्या आहेत, एक टेबलावर ठेवण्यासाठी आणि दुसरी पेटीसाठी.