हवानामधील शहरी शेती

हवानामधील शहरी शेती म्हणजे क्युबाची राजधानी हवाना येथे १९९० च्या दशकात उभी राहिलेली, शहरातील पडीक जागांवर सामूहिक पद्धतीने भाजीपाला पिकवण्याची व्यवस्था होय. अन्नटंचाईवरील तातडीचा उपाय म्हणून सुरू झालेल्या या प्रयोगाला पुढे शासकीय धोरणाचे स्वरूप आले. सुमारे २० लाख लोकवस्तीच्या या शहरात ताजा भाजीपाला घराजवळ उपलब्ध करून देणे, हे तिचे मुख्य कार्य आहे.

पार्श्वभूमी

१९५९ च्या क्रांतीनंतरही क्युबाची शेती प्रामुख्याने ऊसकेंद्रित राहिली. साखर सोव्हियेत संघ व पूर्व युरोपातील देशांना चढ्या दराने विकली जाई आणि तिच्या मोबदल्यात खनिज तेल, रासायनिक खते, कीटकनाशके, यंत्रांचे सुटे भाग व धान्य आयात केले जाई. १९९१ मध्ये सोव्हियेत संघाचे विघटन झाले आणि ही व्यवस्था कोलमडली. अमेरिकेचे व्यापारी निर्बंध आधीपासून लागू असल्यामुळे अन्य पर्याय मर्यादित होते. काही वर्षांतच देशाची आयात सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. या काळास शासनाने ‘शांतताकाळातील विशेष कालखंड’ असे नाव दिले.

शहरांना या टंचाईची झळ अधिक बसली. डिझेलअभावी मालवाहतूक मंदावल्याने ग्रामीण भागात पिकलेला भाजीपालाही राजधानीपर्यंत पोहोचेना. १९६२ पासून चालू असलेल्या शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या वस्तूंचे प्रमाण घटले. अपुऱ्या आहाराचे परिणाम लवकरच दिसू लागले. १९९१ ते १९९३ या काळात दृष्टिमज्जातंतू व इतर मज्जातंतूंच्या विकाराची साथ पसरून ५० हजारांहून अधिक लोक बाधित झाले. ब गटातील जीवनसत्त्वांची कमतरता हे तिचे एक प्रमुख कारण मानले जाते.

जमीन व संघटन

या परिस्थितीत नागरिकांनी घरांची परसे, गच्च्या, पडलेल्या इमारतींच्या जागा आणि रिकामे भूखंड लागवडीखाली आणण्यास सुरुवात केली. शासनाने अशा जमिनींचा वापरहक्क विनामूल्य देऊ केला. जमिनीची मालकी शासनाकडेच राहते, मात्र उत्पादन सुरू असेपर्यंत कसणाऱ्याला ती वापरता येते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हवानामध्ये शहरी शेतीसाठी स्वतंत्र शासकीय विभाग कार्यरत झाला. बियाणे, रोपे, जैविक औषधे व सल्ला मिळण्यासाठी वस्त्यांमध्ये कृषी सल्ला दुकाने उघडण्यात आली.

लागवड पद्धती

या शेतीतील सर्वांत परिचित प्रकार ‘ऑर्गानोपोनिको’ हा आहे. पूर्वी काही ठिकाणी मातीविना, रासायनिक द्रावणावर भाजीपाला घेतला जात असे. ही द्रावणे मिळेनाशी झाल्यावर त्याच हौदांत माती व सेंद्रिय खत भरून लागवड करण्यात आली आणि त्यावरून हे नाव रूढ झाले. यात सिमेंट, दगड, विटा किंवा लाकडी फळ्यांच्या कडा उभारून साधारण एक मीटर रुंदीचे लांब गादीवाफे तयार करतात. जमीन निकृष्ट, दगडमातीच्या भरावाची किंवा फरसबंदीची असली तरी या वाफ्यांत पीक घेता येते. जेथे मूळ माती चांगली आहे, तेथे थेट जमिनीतच दाट लागवड केली जाते.

सुपीकता टिकवण्यासाठी कंपोस्ट व गांडूळखत वापरतात. शहराच्या हद्दीतील शेतीत रासायनिक कीटकनाशकांच्या वापरास मनाई करण्यात आली. कीडनियंत्रणासाठी कडुनिंबाची उत्पादने, स्थानिक प्रयोगशाळांत वाढवलेले मित्रकीटक व उपयुक्त जीवाणू-बुरशी, तसेच पिकांची फेरपालट यांचा अवलंब होतो. वाफ्यांच्या कडेने झेंडू आणि शेताच्या बांधावर मका किंवा ज्वारी लावण्याची पद्धत आहे. लेट्यूस, चार्ड, मुळा, काकडी, टोमॅटो, शेंगभाज्या व कोथिंबीर ही नेहमीची पिके होत.

वितरण

बहुतेक शेतांच्या प्रवेशद्वाराशीच विक्रीची टपरी असते. सकाळी काढलेली भाजी त्याच दिवशी परिसरातील रहिवाशांना विकली जात असल्याने वाहतूक, शीतगृह व मध्यस्थ यांची गरज उरत नाही. उत्पादनाचा काही भाग शाळा, प्रसूतिगृहे व रुग्णालयांना दिला जातो. दरडोई दररोज ३०० ग्रॅम भाज्या उपलब्ध करून देणे, हे राष्ट्रीय कार्यक्रमाचे उद्दिष्ट ठरवण्यात आले.

पूर्व हवानातील अलामार या मोठ्या गृहवसाहतीत १९९७ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था हे या व्यवस्थेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मोजक्या सदस्यांनी सुरू केलेली ही शेती पुढे सुमारे ११ हेक्टरपर्यंत विस्तारली. नफ्यातील वाटा सदस्यांमध्ये विभागला जात असल्याने निवृत्त नागरिक व स्त्रिया यांनाही वस्तीतच रोजगार मिळाला.

मर्यादा व मूल्यमापन

शहरी शेतीमुळे क्युबा अन्नाबाबत स्वयंपूर्ण झाला, असे अनेकदा सांगितले जाते. मात्र ते वस्तुस्थितीस धरून नाही. गादीवाफ्यांतून प्रामुख्याने पालेभाज्या व फळभाज्या मिळतात. तांदूळ, गहू, खाद्यतेल, कडधान्ये व दूध यांसाठी देश मोठ्या प्रमाणात आयातीवरच अवलंबून राहिला. त्यामुळे या शेतीने उष्मांकांची तूट भरून काढली नाही. तिने जीवनसत्त्वे, खनिजे व तंतुमय पदार्थांचा एक स्रोत पायी जाण्याच्या अंतरावर आणला. पाणी, बियाणे व सेंद्रिय खत यांचा तुटवडा, तसेच वेतनाच्या मानाने महाग भाजीपाला या अडचणीही कायम राहिल्या. २०२० नंतरच्या आर्थिक संकटात इंधन व विजेची टंचाई पुन्हा तीव्र झाली.

क्युबातील सेंद्रिय शेतीच्या प्रसारासाठी तेथील ‘ग्रुपो दे आग्रिकुल्तुरा ऑर्गानिका’ या संस्थेस १९९९ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार देण्यात आला. निर्वेध जमीनवापर, वस्तीतच मिळणारा तांत्रिक सल्ला आणि थेट विक्री या तीन गोष्टींच्या एकत्रित योजनेमुळे हवानाचा अनुभव इतर देशांतील शहरी शेतीच्या अभ्यासात वारंवार विचारात घेतला जातो.