बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजांतील चौक

बेलापूर म्हटलें कीं इतिहासप्रेमी वाचकांस तेथील खाडीकांठचा किल्ला आठवतो. परंतु त्याच परिसरांत, पारसिक डोंगराच्या पायथ्याशीं, सुमारें ४० वर्षांपूर्वीं उभारलेली एक वसाहतहि आतां संशोधनास पात्र झाली आहे. लोक तिला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणतात.

शहराच्या सोयी व खेड्याची मोकळीक एकत्र आणावी, हा उद्याननगराचा विचार इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड यांनीं १८९८ सालीं मांडला. मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवावी, असें १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं सुचविलें; पुढें १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. कोरिया यांनीं १९८३ ते १९८६ या काळांत बेलापूर येथें जी वसाहत रचिली, तींत याच मोकळिकीचा विचार निराळ्या मार्गानें केलेला दिसतो.

रचना अशी: सात घरें ८ मीटर लांबीरुंदीच्या चौकाभोंवतीं, असे तीन समूह मिळून एकवीस घरें १२ मीटरच्या चौकाभोंवतीं, आणि तसे तीन समूह आणखी मोठ्या चौकाभोंवतीं. शेजाऱ्यांची भिंत सामाईक नाहीं. कारण कुटुंब वाढेल तसें प्रत्येकास आपलें घर वाढवितां यावें.

पुढें पुष्कळांनीं मूळचीं उतरत्या छपरांचीं घरें पाडून मजले चढविले. कित्येकांस याचा विषाद वाटतो. परंतु ज्या रचनेनें वाढीस मुभा दिली, तिचें रक्षण वाढ रोखून कसें होणार? उलट, आहे तें सर्व पाडणें म्हणजेहि वाढ नव्हे.

आमच्या मतें निर्णय संस्कृत वास्तुग्रंथांतील चतुःशाल गृहावरून होतो. त्याच्या चारी शाला दुरुस्त झाल्या, बदलल्या, तरी चालतें. मधलें अंगण गेलें म्हणजे तें चतुःशाल राहात नाहीं. येथें रक्षणीय वस्तु चौक ही होय. कुंपणें, वाहनें वा वाढीव पायऱ्या चौकांत शिरूं नयेत. तसेंच जीं थोडीं घरें मूळ स्वरूपांत असतील, त्यांचीं मापें, नकाशे व छायाचित्रें घरमालकांच्या संमतीनें घेऊन ठेवावीं. दगडी किल्ला पडला तरी जोतें उरतें. मोकळी जागा एकदां व्यापली गेली म्हणजे तिची खूणहि उरत नाहीं.