जावा आज्ञावलींतील कंटेनर-शोध

जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या मोठ्या आज्ञावलीत प्रत्येक घटकाला इतर घटकांची गरज असते. हे घटक त्याने स्वतः निर्माण न करता बाहेरून त्याच्या हाती देण्याच्या पद्धतीस ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे ही संज्ञा रूढ झाली. घटक निर्माण करून त्यांची जोडणी करणारी यंत्रणा म्हणजे कंटेनर. रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील ग्रंथासोबतच्या आज्ञावलीतून उगम पावलेली ‘स्प्रिंग’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय.

घटकास कंटेनरचा पत्ता ठाऊक असू नये, हे या पद्धतीचे तत्त्व. तथापि सर्वच घटक कंटेनरने घडविलेले नसतात. जुन्या आज्ञावलीने वा सर्व्हरने निर्माण केलेल्या घटकास हवे ते स्वतःच मागावे लागते व त्यासाठी आधी कंटेनर सापडावा लागतो.

यांपैकी जुना मार्ग नामसूचीचा. जेएनडीआय या व्यवस्थेत ठरावीक नाव दिले की त्याखाली नोंदलेली वस्तू मिळते, सीडीआय १.० (२००९) या मानकात कंटेनरचा व्यवस्थापक अशा रीतीने मिळविता येई. नाव ही केवळ अक्षरांची माळ असल्याने तीतील चूक संकलनाच्या वेळी उघड होत नाही. समजा, तुळजापूर, परांडा इ. तालुक्यांच्या नोंदी पुरविणारा घटक ‘उस्मानाबाद’ या नावाने नोंदला आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाल्यावर नोंद बदलली, पण शोध घेणाऱ्या एखाद्या ठिकाणी जुनेच नाव राहिले, तर आज्ञावली विनातक्रार संकलित होते आणि चालू असताना नेमकी तेथे अडते. नावाऐवजी प्रकारावरून शोध घेतल्यास हा धोका बराच टळतो. मात्र एकाच प्रकारचे दोन घटक असल्यास निवड संदिग्ध होते. नामशोधाचा याहून गंभीर धोका डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या नोंदलेखन-संचात आढळला. परक्याने पाठविलेला मजकूर नोंदवताना त्यातील नावाचा जेएनडीआयमार्फत शोध घेतला जाई व दूरच्या संगणकावरील घातक आज्ञावली चालविली जाऊ शके.

सीडीआय १.१ (२०१३) पासून चालू कंटेनर एका स्थिर पद्धतीद्वारे थेट मागता येतो. स्प्रिंगमध्ये वेब आज्ञावलीचा कंटेनर सर्व्हरच्या सामायिक संदर्भात ठेवलेला असतो. एकाच सर्व्हरवर अनेक आज्ञावली असतील, तर त्यांपैकी कोणाचा कंटेनर द्यावयाचा हे पुष्कळदा चालू धाग्याशी जोडलेल्या वर्गभारकावरून ठरते. त्यामुळे आज्ञावलीने स्वतः सुरू केलेल्या धाग्यावर हा शोध कधी रिकामा, तर कधी चुकीचा ठरतो.