बंद खोलींतला चित्रकार

ज्या मनुष्याचीं उभ्या आयुष्यांतील तीनच छायाचित्रें सांपडतात, ज्याच्या आडनांवाबद्दल शेजाऱ्यांचेंही एकमत नाहीं (कोणी डार्गर म्हणे, कोणी डार्जर), त्याच्यावर अनुबोधपट काढावा तरी कसा? जेसिका यू ह्या अमेरिकन दिग्दर्शिकेनें ‘इन द रेल्म्स ऑफ द अनरियल’ ह्या २००४ सालच्या चित्रपटांत तें धाडस केलें आहे.

हेन्री डार्गर हा शिकागोच्या इस्पितळांतून झाडलोट करून पोट भरणारा कामगार. जन्म १८९२ चा. चौथ्या वर्षीं आई बाळंतपणांत गेली; पुढें वडिलांचाही आधार सुटला आणि मंदबुद्धि मुलांच्या आश्रमांत त्याची रवानगी झाली. तेथून तो पळाला. एका भाड्याच्या खोलींत त्यानें सुमारें चाळीस वर्षें काढलीं. हवामानापलीकडे तो कोणाशीं फारसें बोलत नसे. मात्र दाराआडून निरनिराळे आवाज ऐकूं येत. बोलणारा एकटा तोच!

१९७२ च्या अखेरीस तो वृद्धाश्रमांत गेला, तेव्हां त्याचे घरमालक नेथन लर्नर खोली आवरूं लागले. लर्नर स्वतः छायाचित्रकार होते, हें सुदैवच. दुसऱ्या कोणी सारें रद्दींत घातलें असतें. पसाऱ्यांतून पंधरा हजारांहून अधिक टंकलिखित पानांची कादंबरी आणि शेंकडों चित्रें निघालीं. पुढच्याच एप्रिलमध्यें डार्गर वारला.

मुलांना गुलाम करणाऱ्या राष्ट्राविरुद्ध सात राजकन्यांनीं केलेलें युद्ध हा त्या कादंबरीचा विषय. मनुष्याकृति त्याला हातानें साधत नसे. म्हणून वर्तमानपत्रांतील व रंगविण्याच्या वह्यांतील मुलींच्या आकृति तो गिरवून घेई, औषधाच्या दुकानांतून त्या मोठ्या करवून आणी आणि कागदाला कागद चिकटवून तीन-तीन मीटर लांबीचीं दृश्यें रंगवी, तींही दोन्ही बाजूंनीं. १९११ सालीं खून झालेल्या एका बालिकेचें वर्तमानपत्रांतील छायाचित्र त्याच्याकडून हरवलें. तें दुःख त्याला एवढें झोंबलें कीं कादंबरींतील युद्धांतही तें शिरलें.

यूबाईंनीं कलापंडितांना बाजूस ठेवून शेजाऱ्यांच्या आठवणी व डार्गरचे स्वतःचे शब्द यांवरच भिस्त ठेवली आहे. चित्रेंही त्यांनीं हलतीं केलीं. हें मात्र थोडें खटकतें. स्थिर चित्रांत गोठलेलें भय हालचालीनें सौम्य होतें. उलट, एकमेकांशीं न जुळणाऱ्या साक्षी जशाच्या तशा ठेवल्या आहेत, हें उत्तम झालें.

मालकीचा प्रश्न पुढें उभा राहिला. दूरच्या नातेवाइकांनीं २०२२ सालीं न्यायालयांत त्या चित्रांवर हक्क सांगितला. जिवंतपणीं त्याच्या दारावर थाप मारणारें मात्र त्यांतलें कोणी नव्हतें.