भ्रमणध्वनी जालरचना, स्वतंत्र व परावलंबी

पाचव्या पिढीचे भ्रमणध्वनी जाल उभारण्याच्या दोन पद्धती. कोणत्याही भ्रमणध्वनी जालाचे दोन मुख्य भाग असतात. मनोऱ्यांवरील आकाशक व त्यांना जोडलेली प्रेषक-ग्राही उपकरणे मिळून रेडिओ जाल होते. ग्राहकाची ओळख पटविणे, तो कोणत्या क्षेत्रात आहे याची नोंद ठेवणे, आकारणी करणे व त्याची माहिती इंटरनेटकडे वळविणे ही कामे पाठीमागील गाभा-जालाकडे असतात. दोन्ही भाग पाचव्या पिढीचे असल्यास रचनेला स्वतंत्र म्हणजे स्टँडअलोन म्हणतात. रेडिओ उपकरणे नवी, परंतु गाभा-जाल चौथ्या पिढीचे असेल, तर ती परावलंबी म्हणजे नॉन-स्टँडअलोन रचना होय.

थ्रीजीपीपी या आंतरराष्ट्रीय मानक-संघटनेने परावलंबी रचनेची मानके डिसेंबर २०१७ मध्ये, तर स्वतंत्र रचनेची जून २०१८ मध्ये पूर्ण केली. हा क्रम घाईतून आला. गाभा-जाल बदलणे खर्चाचे व वेळखाऊ असल्याने कंपन्यांना आधी केवळ वेग विकावयाचा होता. द. कोरियात एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेली सेवा याच प्रकारची होती.

परावलंबी रचनेत भ्रमणध्वनी संच प्रथम चौथ्या पिढीच्या मनोऱ्याशी संपर्क साधतो. नियंत्रणाचे संदेश त्याच मार्गाने जातात आणि अधिक माहिती वाहून न्यावयाची असेल तेव्हा नव्या रेडिओचा दुवा जोडला जातो. संच एकाच वेळी दोन्ही जालांशी बोलत असल्याने विजेचा व्यय वाढतो. मनोऱ्याने तशी सूचना प्रसारित केली असेल, तर प्रत्यक्षात जोडणी चौथ्या पिढीची असतानाही पडद्यावर ‘५जी’ ही खूण दिसू शकते. त्या खुणेवरून जालाची रचना ओळखता येत नाही.

या आधाराचा उलट परिणामही होतो. कमी कंप्रतेचे तरंग दूरवर पोहोचतात. पण आधाराचा मनोरा अधिक कंप्रतेवर चालत असेल, तर त्याची हद्द संपताच नवी सेवाही तुटते. अमेरिकेतील टी-मोबाइल कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये स्वतंत्र जाल सुरू केले, तेव्हा तिच्या ६०० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यावरील हे बंधन सुटले व व्याप्ती सु. ३० टक्क्यांनी वाढल्याचे तिने जाहीर केले. याउलट ३,५०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यात संचाचे क्षीण प्रेषण मनोऱ्यापर्यंत पोहोचणे कठीण असते. तेथे जुन्या जालाचा आधार उपकारकच ठरतो.

भारतात ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि मुंबईसारख्या शहरात दोन्ही रचना शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. जिओने स्वतंत्र रचना निवडली. त्यासाठी लागणारा ७०० मेगॅहर्ट्‌झचा पट्टा तिने त्याच वर्षीच्या लिलावात घेतला होता. एअरटेलने आरंभी परावलंबी मार्ग पत्करला. तिच्याजवळ चौथ्या पिढीचे विस्तृत जाल असल्याने तो निर्णय व्यवहार्य होता.

गाभा-जालाचे महत्त्व वेगापेक्षा इतर बाबतींत अधिक आहे. एकाच जालाचे स्वतंत्र आभासी भाग पाडून त्यांपैकी एखादा, उदा., कारखान्यातील यंत्रांसाठी राखून ठेवणे नव्या गाभ्यामुळेच पूर्णतः शक्य होते. चौथ्या पिढीत संचाला आपला कायम ओळख-क्रमांक काही वेळा उघडपणे पाठवावा लागतो; बनावट मनोरा उभारून तो टिपता येतो व व्यक्तीचा माग काढता येतो. नव्या गाभा-जालात हा क्रमांक कूटबद्ध करून पाठविण्याची सोय आहे. परावलंबी जालात ती लाभत नाही, ही त्याची सर्वांत गंभीर उणीव मानावयास हवी. संभाषणाची गोष्ट निराळी आहे : परावलंबी जालात ते चौथ्या पिढीवरूनच होते आणि नव्या रेडिओवरून संभाषणाची व्यवस्था केलेली नसेल, तर स्वतंत्र जालातील संचालाही त्यासाठी मागे परतावे लागते.

केवळ परावलंबी रचनेस अनुरूप असलेल्या संचाला स्वतंत्र जालात पाचव्या पिढीची सेवा मिळत नाही. तो तेथे चौथ्या पिढीचा संच म्हणूनच चालतो.