निर्बंधाची शीव

खासगी धंद्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला असावा की नसावा, हा वाद आता उरलेला नाही. भेसळ करणाऱ्या दुकानदाराला मोकळे सोडावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने धंद्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमाने त्यावर 'वाजवी' निर्बंध घालण्याची मुभाही ठेवली. तंटा आहे तो या एका शब्दाचा. आणि घटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते तोच, बिडीसारख्या क्षुल्लक वस्तूच्या निमित्ताने तो कसाला लागला.

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ साली एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर बिड्या वळीत बसतात आणि शेताला माणूस मिळत नाही, अशी तक्रार होती. म्हणून हंगामापुरती ठराविक गावांत बिड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार डेप्युटी कमिशनरांना देण्यात आला. सागर जिल्ह्यात तसे हुकूम निघाले. हेतू वाईट नव्हता. धान्य पिकावे एवढीच इच्छा होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर १९५० रोजी हा निर्बंध अवैध ठरविला. न्या. मेहरचंद महाजन यांचा प्रश्न साधा होता: ज्या वृद्धा, पंगू माणसे व मुले शेतात राबूच शकत नाहीत, त्यांचे हात बांधून शेतीला काय लाभणार?

कारखानदारांनी मात्र या निकालाला आपली कायमची ढाल समजू नये. ठेकेदारामार्फत घरोघरी बिड्या वळून घ्यावयाच्या आणि हे आमचे कामगारच नव्हेत म्हणावयाचे, ही त्यांची जुनी रीत. १९६६ च्या कायद्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही संरक्षण दिले, तेव्हा मालक त्याच एकोणिसाव्या कलमाचा आधार घेऊन न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. आमच्या मते या दोन निकालांत विसंगती मुळीच नाही. पहिल्याने घरात बिड्या वळणाऱ्या म्हातारीची भाकरी राखली, दुसऱ्याने त्या भाकरीचा रास्त वाटा तिला मिळवून दिला.

महाराष्ट्र सरकारने यातून फारसा बोध घेतला, असे दिसत नाही. डान्सबारचे आम्हांला कौतुक नाही. तथापि २००५ साली बंदी घालताना तारांकित हॉटेलांना सूट दिली गेली. नीती काय भाड्याच्या दरावर ठरते? उच्च न्यायालयाने २००६ साली बंदी रद्द केली. सरकार अपील घेऊन दिल्लीस गेले आणि २०१३ साली तेथेही हरले. पुढे २०१६ साली नवा कायदा आला. २०१९ च्या निकालात दौलतजादेवरील बंदी व रात्री साडेअकराची मर्यादा टिकली. कॅमेऱ्यांची सक्ती आणि शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अट टिकली नाही. म्हणजे जे वाजवी होते ते २००५ सालीही करता आले असते.

यापुढे असा निर्बंध आणावयाचा झाल्यास, त्यामुळे किती जणांची रोजी जाईल याची मोजदाद सरकारने आधी करावी आणि ती विधेयकाबरोबरच विधिमंडळापुढे ठेवावी.