गाण्याच्या तासाचा मागोवा

१८८६ साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली. गाणे शिकायचे तर उस्तादाच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे आणि त्यांची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पाडून घ्यावी, असा तो काळ होता. त्या काळात वर्ग भरवून, स्वरलिपीतली पुस्तके काढून गाणे शिकवण्याची कल्पनाच धाडसाची होती. पुण्यात १८७४ पासून गायन समाज याच दिशेने धडपडत होता. गाणे चारचौघांच्या मुलांनी शिकायची गोष्ट आहे, हे म्हणायला आपल्याकडे तिथून सुरुवात झाली.

या विचाराला खरा रेटा दिला तो विष्णु दिगंबर पलुसकरांनी. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या या गवयाने ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडले. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. मुलांसाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके लिहिली. पण त्यांची खरी दूरदृष्टी दिसते ती उपदेशक वर्गात. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांभाळून त्यांनी त्यांच्यातून शिक्षक तयार केले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे हे सगळे त्यांचे शिष्य. संस्था मात्र कर्जात बुडाली आणि १९२४ मध्ये मुंबईची इमारत लिलावात गेली. इमारत गेली तरी शिकवणारी माणसे उरली होती. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत स्वतःचे विद्यालय काढले आणि पुढे तिथेच कुमार गंधर्व शिकले. पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. खरे साबरमती आश्रमात गेले आणि १९३० च्या दांडी यात्रेत गांधीजींसोबत भजने गात चालले.

दुसरीकडे पेशाने वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे गावोगावच्या घराण्यांतल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवत होते. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेमुळे एकच चीज ग्वाल्हेरच्या आणि लखनौच्या वर्गात एकाच वेळी शिकवता येऊ लागली. पलुसकरांनी शिक्षक दिले, भातखंड्यांनी अभ्यासक्रम दिला. शाळेत विषय उभा करायला आणखी काय लागते?

लागते ती वेळापत्रकातली जागा, आणि तीच मिळाली नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणयोजनेचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात मातृभाषा आणि गणित यांच्या जोडीला संगीतही होते. ती योजनाच पुढे मागे पडली. दरम्यान १९३१ मध्ये पलुसकरांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले होते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्याच्या परीक्षांची साखळी गावोगाव पोचली. या परीक्षांनी मोठे काम केले, यात शंका नाही. मात्र तयारी करून घेणारा क्लास शाळेबाहेर, संध्याकाळी, फी भरून. चित्रकलेचे तसे झाले नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना सरकारच्या कला संचालनालयाचा शिक्का होता आणि मुले शाळेतूनच बसत. म्हणून शाळेला ड्रॉइंगचे सर लागले. गाण्याच्या बाई असल्या तर असल्या.

तरीही शाळांतून गाणे कधी हद्दपार झाले नाही. परिपाठात प्रार्थना राहिली. वसंत देसाईंनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांसाठी केलेल्या प्रार्थना देशभरच्या शाळांनी आपल्याशा केल्या. लेझीम राहिली, गॅदरिंग राहिले. शिवाय मराठीचा तास होताच. भुजंगप्रयात, दिंडी, साकी, ओवी चालीवर म्हणून घेणाऱ्या भाषाशिक्षकांनी नकळत लय-तालाचे जेवढे शिक्षण दिले, तेवढे कुठल्याही परिपत्रकाने दिले नसेल. कविता मनातल्या मनात वाचून प्रश्नोत्तरे लिहायची पद्धत आली, तसा हाही झरा आटत गेला.

प्रशिक्षित शिक्षक नसला की काय होते, ते प्रार्थनेच्या वेळी ऐकू येते. सर आपल्या सोयीने काळी एकमध्ये पेटी धरतात. मुलांना खालचे स्वर लागत नाहीत आणि वरच्या सप्तकात ती किंचाळतात. जाणता शिक्षक पट्टी बदलून काळी चारच्या आसपास येतो आणि तोच वर्ग सुरात गायला लागतो. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. त्या काळात आवाज ताणायला न लावता त्यांना तबल्यावर किंवा टाळांवर बसवणे, ऐकण्याकडे वळवणे हे त्यालाच सुचते. ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य ऐकून जन्मभर गाण्यापासून लांब राहिलेली माणसे आपल्या प्रत्येक घरात सापडतील. त्यांतल्या बहुतेकांना पट्टी चुकीची मिळाली होती.

शिवाय समूहगान ही एकच गोष्ट अशी आहे, जिथे हुशार मुलाला थांबावे लागते आणि मागच्या बाकावरच्याला बरोबर यावे लागते. शेजाऱ्याचे ऐकल्याशिवाय स्वतःचे म्हणता येत नाही. हे शिक्षण दुसऱ्या कुठल्या तासाला मिळते?

कागदावर गेल्या वीस वर्षांत सगळे अनुकूल आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला सक्तीची असावी म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक नेमायला सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषय आणि अवांतर विषय ही भिंतच नको म्हटले. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुणही मिळतात. पण ते मिळतात क्लास परवडणाऱ्याला. ज्या मुलाला गाणे भेटण्याची एकमेव जागा शाळा आहे, त्याच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही.

पुस्तके आहेत, स्वरलिपी आहे, परीक्षा आहेत, विशारद झालेली हजारो माणसेही आहेत. नाही ती शाळेतली कायम जागा. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी संगणकांच्या संख्येबरोबर एवढेही विचारावे: आमच्या शाळेत गाणे कोण शिकवते, आणि आठवड्यातून किती तास?